न खेळलेल्या सामन्यांचं दप्तर

प्रश्न केपटाउनहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंचं माहेर दापोली तालुक्यातलं. लग्न होऊन त्या रायलँड्स भागातल्या एका कोकणी मुस्लिम घरात गेल्या. सासरे आता ८३ वर्षांचे. वर्णभेदाच्या काळात, साधारण १९६५ ते १९८५, ते एका लहानशा क्रिकेट क्लबचे सेक्रेटरी होते. गॅरेजमध्ये त्यांच्या पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. त्यांत स्कोअरबुकं, मिटिंगांच्या वह्या, पत्रं, कात्रणं, पावतीपुस्तकं, एक ब्लेझर आणि चार चषक. ताईंचे मिस्टर म्हणतात, चषक कपाटात ठेवू, फोटो स्कॅन करू, बाकीची रद्दी काढून टाकू. ताई विचारतात, ‘यातलं काय ठेवायचं, कसं ठेवायचं आणि शेवटी द्यायचं कुणाला?’ सोबत पेट्यांचे चार फोटो पाठवले आहेत.

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. मिस्टरांची यादी उलटी करा. चषक हरवले तर एक वेळ चालेल. ज्याला ते रद्दी म्हणतात तिचा एक कपटाही हलवू नका.

मी २७ वर्षं जुन्या कागदांची डागडुजी आणि मांडणी करते. शिकले पुण्यात, पेशवे दप्तराच्या रुमालांवर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर. पुढे सहा वर्षं डर्बनमध्ये होते. तिथे फुटबॉल आणि क्रिकेट क्लबांची दप्तरं लोकांच्या माळ्यांवरून, दुकानांच्या पोटमाळ्यांवरून, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यामागून बाहेर काढली. जवळपास प्रत्येक घरात पहिल्यांदा माझ्यापुढे चषकच आले. चहा झाला, ओळख वाढली, की मग कुणीतरी ओशाळून म्हणायचं, ‘आणखी थोडे कागद आहेत, पण त्यात काही नाही.’ खरं काम तिथून सुरू व्हायचं.

चषकावर साल असतं आणि संघाचं नाव असतं, बस्स. तो संघ त्या दिवशी कुठल्या मैदानावर खेळला, ते मैदान मिळवायला किती पत्रं लिहावी लागली, पुढच्या वर्षी ते का गेलं, हे चषकाला ठाऊक नसतं. आणि या इतिहासाचा गाभा तर तेवढाच आहे. गोऱ्यांनी आणि इतरांनी एकत्र खेळू नये असा एका ओळीचा कायदा दक्षिण आफ्रिकेत कधी झालाच नाही. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. १९५० च्या ग्रुप एरियाज अ‍ॅक्टनं कुणी कुठे राहायचं ते ठरवलं, १९५३ च्या कायद्यानं बाकं, किनारे, पॅव्हेलियन वेगळी केली. खेळ रोखायचा तर एवढं पुरे होतं. दुसऱ्या गटाच्या हद्दीत खेळायचं तर परमिट लागे. नगरपालिका मैदानाचा करार वाढवून देत नसे. परदेशी जायचं तर पासपोर्ट अडे. बंदी कायद्याच्या पुस्तकात शोधू गेलात तर नीट सापडत नाही, ती कारकुनांच्या पत्रांत सापडते. ‘आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही’ असं एक वाक्य आणि खाली सही. तुमच्या दुसऱ्या फोटोत गंजलेल्या टाचणीनं एकत्र टोचलेला टंकलिखित पत्रांचा जो गठ्ठा दिसतोय, तो मला सगळ्या चषकांहून मोलाचा वाटतो.

जोहान्सबर्ग, डर्बन वगैरे शहरांत १९६१ साली सर्व वंशांच्या खेळाडूंना घेणारी व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली होती, साउथ आफ्रिकन सॉकर लीग. प्रेक्षक हजारोंनी येत. ती १९६६ पर्यंत संपली, कारण तिला मैदानंच नाकारली गेली. गोळी नाही, खटला नाही, भाडेकराराचं नूतनीकरण तेवढं झालं नाही. अशा मरणाचा पुरावा फायलीतच राहतो.

आता सासऱ्यांचा क्लब ज्या क्रिकेटमध्ये होता त्याबद्दल थोडं, म्हणजे पेटीत काय सापडू शकतं ते ओळखता येईल. १९४७ साली साउथ आफ्रिकन क्रिकेट बोर्ड ऑफ कंट्रोल स्थापन झालं. जुनी माणसं त्याला ‘सॅकबॉक’ म्हणतात. गोऱ्यांच्या संघटनेबाहेरच्या सगळ्यांचं हे मंडळ, पण सुरुवातीला तेही वंशांच्या कप्प्यांनीच बांधलेलं होतं: आफ्रिकन, कलर्ड (मिश्रवंशी), इंडियन, मलय (केपमधले मुस्लिम). आपापसांत दादाभाय ट्रॉफीसाठी खेळायचे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच हे कप्पे मोडायला घेतले, सरकारनं काही सांगितलेलं नसताना. बेसिल डॉलिव्हेरा याच मंडळाच्या संघाचा कप्तान होता. १९५६ मध्ये केनियाचा आशियाई संघ आला तेव्हा आणि १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावरही. १९६० मध्ये तो इंग्लंडला गेला, १९६६ मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळला, १९६८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढल्या. त्याच्या निवडीवरून पंतप्रधान फोर्स्टरनी इंग्लंडच्या संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा नाकारला आणि तो रद्द झाला. ही गोष्ट जगाला पाठ आहे, तिच्यासाठी तुमची पेटी लागत नाही. पण तो केपटाउनच्या खडबडीत मैदानांवर मॅट अंथरून वर्षानुवर्षं जे खेळला, त्याचा बराचसा भाग कुठल्याही अधिकृत आकडेवारीत नाही. तो असलाच तर तुमच्या पेटीसारख्या पेट्यांत.

स्कोअरबुकांचा नुसता भावनिक उपयोग आहे असंही नाही. सॅकबॉक आणि त्याच्या पुढच्या मंडळाचे १९७१-७२ ते १९९०-९१ या काळातले तीन दिवसांचे सामने पुढे प्रथम श्रेणीचे म्हणून मान्य झाले. पिढीभर ‘क्लब क्रिकेटर’ म्हणून हिणवलेल्या माणसांच्या नावापुढे म्हातारपणी खरी सरासरी लागली. हे झालं ते कुणीतरी धावफलक जपले, कुणीतरी ते जुळवले म्हणून. चहाचे डाग पडलेल्या पानावरच्या बेरजा दोनदा तपासणारी माणसं लागतात या कामाला.

पण ताई, स्कोअरबुकावर थांबू नका. या इतिहासातली एक अवघड गोष्ट अशी की त्यातल्या सगळ्यांत मोठ्या कृतींचं स्कोअरबुकच नसतं. १९७३ साली डर्बनमध्ये साउथ आफ्रिकन कौन्सिल ऑन स्पोर्ट, म्हणजे ‘सॅकॉस’, उभी राहिली. केपटाउनचे हसन होवा तिचे पुढारी झाले. ‘अनैसर्गिक समाजात नैसर्गिक खेळ होऊ शकत नाही’ असा त्या चळवळीचा बाणा होता. तुमच्या सासऱ्यांना तो इंग्रजीतून तोंडपाठ असणार, विचारून पाहा. या मंडळींनी परमिट मागायचं नाही असं ठरवलं. चांगली हिरवळ, चांगले पैसे, चांगला पॅव्हेलियन समोर असताना ‘आम्ही येत नाही’ असं कळवलं. १९७७ मध्ये तर दुटप्पीपणाविरुद्ध ठरावच केला, की सरकारच्या धोरणाखाली चालणाऱ्या खेळाशी कुणी सभासद संबंध ठेवणार नाही. संध्याकाळी आपल्या लीगमध्ये फुटबॉल आणि सकाळी तिकडच्या क्लबात टेनिस, असं चालायचं नाही.

म्हणजे जो सामना खेळला नाही तोच प्रतिकार. त्याचं दप्तर कसं ठेवायचं? आपल्या देशाचंच उदाहरण घ्या. १९७४ च्या डेव्हिस करंडकात भारतानं पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका. भारत खेळला नाही. आजही निकालाच्या रकान्यात ‘वॉकओव्हर’ एवढाच शब्द आहे, आणि नुसतं तेवढं वाचणाऱ्याला वाटेल, संघाचं विमान चुकलं असावं! निर्णय कुणी घेतला, खेळाडूंच्या मनात काय होतं, कुणाला हळहळ वाटली, हे त्या रकान्यात मावत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या क्लबाचेही असे वॉकओव्हर असतील. ते मिटिंगच्या वहीत सापडतात. ‘अमुक क्लबाचं निमंत्रण वाचण्यात आलं, चर्चा होऊन नाकारण्याचं ठरलं, बाजूनं इतके, विरुद्ध इतके.’ त्यातल्या ‘विरुद्ध इतके’कडे नीट पाहा. ती माणसं गद्दार नव्हती. पंचविशीतला फलंदाज होता कुणी, आणखी दहा वर्षांनी संपणार होता.

१९५९ मध्ये फ्रँक वॉरेलच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजच्या खेळाडूंचा संघ सॅकबॉकविरुद्ध खेळायला येणार होता. फक्त काळ्या-सावळ्यांविरुद्ध खेळणारा दौरा म्हणजे वर्णभेद मान्य करणं, असं म्हणून खेळातल्या वर्णभेदाविरुद्ध लढणारे कवी डेनिस ब्रुटस आणि त्यांच्या साथीदारांनी विरोध केला आणि दौरा बारगळला. तत्त्व बरोबर होतं असं मला वाटतं. पण ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या गोलंदाजांपुढे उभं राहायला मिळणार होतं त्यांचं काय झालं असेल, याचा विचार केल्याशिवाय मी हे वाक्य पुरं करू शकत नाही. दप्तरात दोन्ही राहायला हवं.

त्याहून नाजूक काळ १९७६-७७ चा. सरकारी धोरण सैल झाल्यासारखं दिसलं. सॅकबॉकमधला एक गट गोऱ्यांच्या संघटनेबरोबर एक व्हायला तयार झाला. रशीद व्हराचिया हे सॅकबॉकचे पुढारी नव्या साउथ आफ्रिकन क्रिकेट युनियनचे पहिले अध्यक्ष झाले. होवा आणि त्यांच्या बाजूचे बाहेर पडून त्यांनी वेगळं बोर्ड काढलं. संघ फुटले, मुलाखतींत मी भाऊ फुटलेलेही ऐकले. एका घरात दोन भावांनी १४ वर्षं एका टेबलावर जेवण केलं नव्हतं. तुमच्या पेटीत या वर्षाची वही असेल तर ती सासऱ्यांना एकट्याला, दुपारच्या निवांत वेळी दाखवा. आणि त्यांनी ‘हे पान फाडून टाक’ म्हटलं तर फाडू नका, पण वादही घालू नका. ‘ठेवते आतमध्ये’ म्हणा. बंद लिफाफ्यात घालून वर तारीख लिहा. त्या पानाचं काय करायचं ते वर्षभरानं ठरवता येतं, फाडलेलं पान परत येत नाही.

क्लबाच्या रटाळ कागदांतून काय उभं राहू शकतं याचा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा दाखला रॉबेन बेटावरचा. तिथल्या राजकीय कैद्यांनी फुटबॉल खेळू द्या अशी मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. १९६७ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढे त्यांनी मकाना फुटबॉल असोसिएशन चालवली. नाव कोणाचं, तर १८१९ मध्ये याच बेटावर डांबलेल्या आणि पळून जाताना बुडालेल्या मखांडा ऊर्फ मकाना या खोसा पुढाऱ्याचं. फिफाच्या नियमांनी लीग, तीन तीन डिव्हिजन, पंच, शिस्तपालन समिती, लेखी तक्रारी, लेखी खुलासे. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश झालेले डिकगांग मोसेनेके असोसिएशनचे अध्यक्ष होते. नेल्सन मंडेलांना वेगळ्या विभागात ठेवलेलं, त्यांना हे सामने खेळता आले नाहीत. असोसिएशनचा पत्रव्यवहार खोक्यांत भरून पुढे वेस्टर्न केप विद्यापीठाच्या संग्रहात गेला आणि त्यातून ही सगळी गोष्ट जुळली. २००७ मध्ये फिफानं या असोसिएशनला सन्माननीय सदस्यत्व दिलं. एखाद्या कैद्यानं ‘पंचाचा निर्णय अमान्य, फेरविचार व्हावा’ असा सविस्तर अर्ज तुरुंगात बसून लिहिलेला आहे, ही कल्पना करा. आपल्या सोसायटीच्या मिटिंगलाही लोक इतकं काटेकोर लिहीत नाहीत. राज्य कसं चालवायचं याचा सराव होता तो.

बरं, आता हाताशी. पहिली सूचना माझ्या चुकीतून आलेली आहे. डर्बनमधल्या पहिल्या वर्षी मला एका क्लबाची पेटी मिळाली. मी उत्साहानं सगळे रबरबँड काढले, पत्रं सालवार लावली, पावत्या एकीकडे, कात्रणं एकीकडे. छान दिसत होतं. महिन्याभरानं एक वृद्ध सभासद आले आणि विचारू लागले, ‘तो निळ्या दोऱ्याचा गठ्ठा कुठे आहे? त्यात आम्ही घर सोडलं त्या आठवड्यातले सगळे कागद एकत्र बांधले होते.’ ग्रुप एरियाजच्या हुकमानं घर खाली करताना त्यांनी जे वाचवलं ते एका दोऱ्यात होतं. मी तो दोरा सोडून टाकला होता. पेशव्यांच्या कारकुनानं बांधलेला रुमाल उलगडताना जी शिस्त मी पाळली असती, ती इथे पाळली नाही, कारण मला ते ‘क्लबाचे कागद’ वाटले, दप्तर वाटलं नाही.

तेव्हा कागद काढण्याआधी पेटीचा वरून फोटो घ्या. एक थर काढलात की पुन्हा फोटो. प्रत्येक गठ्ठ्याला पेन्सिलीनं आकडा, म्हणजे पेटी १, गठ्ठा ३. गठ्ठ्यातला क्रम तसाच. तुमचं सासर रायलँड्सला आधीपासून होतं की डिस्ट्रिक्ट सिक्स, क्लेअरमाँट अशा कुठल्या भागातून उठवून तिथे पाठवलं गेलं, ते मला माहीत नाही. रायलँड्स इंडियन लोकांसाठी आखलेला भाग होता. तुमच्या पेटीतही असा एखादा ‘घर सोडल्याचा’ थर असू शकतो. डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ साली गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि ६०,००० हून जास्त माणसं शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट माळावर पाठवली गेली. गल्ल्या मोडल्या तसे गल्ल्यांचे क्लब मोडले. एकच संघ चार वस्त्यांत विखुरला, पण नाव जुन्या गल्लीचंच लावत राहिला. संघाच्या यादीतले पत्ते सालवार पाहिलेत तर कुठल्या वर्षी कोण कुठे फेकलं गेलं ते दिसतं. पत्त्यांच्या वह्या टाकू नका म्हणते ती त्यासाठी.

गॅरेज सोडायचं, हे तर झालंच. केपटाउनला पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट. पत्र्याच्या पेटीला आतून ओल धरते आणि कागदाला बुरशी येते. घरातल्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. ओढू नका, कागदाखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून उचला. टाचणीच्या जागी दुमडलेला जाड कागद घालून गठ्ठा एकत्र ठेवा. सेलोटेप कुठेही लावायची नाही, जिथे आहे तिथे ओढायची नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते कागदाला जिवंत पुरण्यासारखं आहे. डांबराच्या गोळ्याही नकोत. कसर दिसली तर तो गठ्ठा वेगळा करा आणि मला फोटो पाठवा. वर्तमानपत्राचा कागद स्वतः आंबट असतो आणि शेजारच्या पानालाही पिवळं करतो, म्हणून कात्रणांच्या मध्ये आम्लरहित कागद घाला. कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीख नसेल तर सासऱ्यांना विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ‘केप हेरल्ड’ आणि ‘मुस्लिम न्यूज’ ही नावं तिथे वारंवार येतील.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर ते उपटायला जाऊ नका, अख्खं पान आहे तसं स्कॅन करा. फोटोच्या मागे बॉलपेन नको, मऊ पेन्सिल. ब्लेझर धुवायला टाकू नका, खिसे मात्र तपासा. मला एकदा खिशात बसचं तिकीट आणि संघाची यादी सापडली होती. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून सपाट ठेवा. चषकांना ब्रासो लावायचा मोह आवरा, चार दिवाळ्या-ईदा घासलेत की कोरलेली नावं जातात. ऑडिओ कॅसेट मिळाल्या तर घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून बघू नका. टेप अडकली की संपलं.

स्कॅनिंग मिस्टरांना सोपवा, त्यांना ते आवडेल असं दिसतंय. पण फक्त फोटो नाही, वह्यांची सगळी पानं, कोरी पानंसुद्धा. कोऱ्या पानांमुळे कळतं की अमुक महिने मिटिंगच झाली नाही. १९७६ च्या मध्यात सोवेटोच्या उठावाच्या वेळी, १९८५ च्या तिथल्या आणीबाणीत असे कोरे महिने दिसले तर मी चकित होणार नाही. प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. १८ एप्रिल २०२१ रोजी टेबल माउंटनवरचा वणवा केपटाउन विद्यापीठात उतरला आणि जॅगर वाचनालयातला आफ्रिका अभ्यासाचा संग्रह मोठ्या प्रमाणात जळाला. ती बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही. मोठी संस्था म्हणजे सुरक्षित, हा भरवसा तेव्हापासून मी कुणाला देत नाही.

यादी करताना शब्दांची काळजी. ‘नॉन-रेशियल’, ‘मल्टि-रेशियल’ आणि ‘मल्टि-नॅशनल’ हे तीन शब्द तुम्हाला कागदांत दिसतील. ते एकच समजून मराठीत किंवा इंग्रजीत एकाच शब्दात उतरवलेत तर भांडणाचं मूळच पुसलं जाईल. मल्टि-नॅशनल ही सत्तरच्या दशकातली सरकारी चाल: देशात अनेक ‘राष्ट्रं’ आहेत, त्यांनी वेगवेगळे संघ करून कधीमधी एकमेकांशी खेळावं. मल्टि-रेशियलमध्ये वंशांचे संघ एकत्र येतात, पण वंश हाच घटक राहतो. नॉन-रेशियल म्हणजे माणूस सभासद होतो, त्याचा वंश विचारला जात नाही. सासऱ्यांच्या पिढीनं यावरून मैत्र्या तोडल्या आहेत. तसंच ‘कलर्ड’, ‘मलय’, ‘बांटू’ (आफ्रिकनांसाठीचा सरकारी शब्द) हे शब्द मूळ कागदात असतील तसेच उतरवा, सभ्य करू नका. तुमच्या स्वतःच्या वर्णनात मात्र ते वापरताना अवतरणचिन्हात ठेवा.

आता मुलाखती. हे पेट्यांच्या आधी सुरू व्हायला हवं, कारण कागद थांबेल. ‘वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याबद्दल सांगा’ असं विचारू नका. ऐंशीच्या पुढची माणसं लढा हा शब्द ऐकला की भाषण देतात, आणि ते भाषण त्यांनी आधी दहादा दिलेलं असतं. स्कोअरबुकाचं एक पान पुढे ठेवा आणि विचारा, हा चौथ्या क्रमांकाचा कोण? कामाला कुठे होता? शनिवारी त्याला सुटी कशी मिळायची? कपडे कुठे बदलायचात? पाऊस आला तर कुठे उभं राहायचात? न्यूलँड्सच्या कसोटी मैदानावर इंग्लंडचा सामना बघायला गेलात तेव्हा कुठल्या कोपऱ्यात बसवलं आणि टाळ्या कुणासाठी वाजवल्यात? एका बैठकीला पाऊण तास पुरे. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा, रेकॉर्डर चालू राहू द्या.

आणि तुमच्याशी ते आपल्या कोकणी बोलीतच बोलतात ना? तशीच घ्या मुलाखत. मधे मधे केपची आफ्रिकान्स येईल, इंग्रजी येईल. लिहून काढताना ती शुद्ध मराठी किंवा शुद्ध इंग्रजी करू नका. तुमच्या भागातून गेलेल्या घरांची बोली तिकडे शंभर वर्षांत कशी झाली, याचीही नोंद फुकटात होऊन जाईल.

सासूबाईंची मुलाखत वेगळी घ्या, सासरे खोलीत नसताना. तुमच्या तिसऱ्या फोटोत स्कोअरबुकाचं जे उघडं पान आहे, त्यावर मला दोन हस्ताक्षरं दिसतात. पहिल्या डावाचं अक्षर तिरकं, घाईचं. दुसऱ्या डावाचं गोल, हिरव्या शाईतलं, आणि बेरजा बिनचूक. या क्लबांत स्कोअर बऱ्याचदा बहिणी आणि बायका लिहायच्या, खाणं-चहाही त्यांचाच, पांढरे कपडे धुणंही त्यांचंच. तरी मिटिंगच्या वहीत त्यांची नावं ‘भगिनींचे आभार मानण्यात आले’ या एका ओळीत संपतात. ते पान सासूबाईंपुढे ठेवा आणि काही न विचारता बसा.

संमतीपत्र लेखी घ्या, अगदी घरातल्यांचंही. विशेष काळजी एका गोष्टीची. त्या काळी पोलिसांची सिक्युरिटी ब्रँच क्लबांवर नजर ठेवून होती आणि खबरी कोण होता याबद्दल प्रत्येकाकडे एक नाव असतं. ते नाव रेकॉर्डवर आलं तर तेवढा भाग ठराविक वर्षं बंद ठेवा. बऱ्याचदा ते खोटं असतं, आणि ज्याचं नाव घेतलं त्याची नातवंडं त्याच वस्तीत राहत असतात.

द्यायचं कुणाला? माझं मत, मूळ कागद एवढ्यात कुणालाच नको. आधी यादी, स्कॅन, मुलाखती. मग डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियमला भेट द्या. १९९४ पासून बुइटेनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये आहे. तिथे जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा आहे आणि उठवलेली माणसं येऊन आपल्या घराची जागा त्यावर लिहितात. सासऱ्यांना सोबत न्या, जमल्यास त्यांच्या दोन संघमित्रांनाही, आणि रेकॉर्डर खिशात असू द्या. वेस्टर्न केप विद्यापीठातल्या मायिबुये संग्रहाशीही बोला. रॉबेन बेटाचे कागद त्यांनी सांभाळले आहेत, अशा दप्तराची किंमत त्यांना समजावून द्यावी लागणार नाही. तुमच्या नात्यातल्या कुणाकडे डर्बनचे कागद असतील तर तिथे क्वाझुलू-नाताल विद्यापीठाचं गांधी-लुथुली केंद्र आहे. करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: संग्रहाचं नाव क्लबाच्या नावानं राहील, कुटुंबाला आणि वस्तीतल्या शाळांना विनामूल्य प्रती मिळतील, आणि पेटी फोडून ‘महत्त्वाचे’ कागद वेगळे काढले जाणार नाहीत. तिसऱ्या अटीवर थोडी घासाघीस होईल, मागे हटू नका. प्रदर्शनवाल्यांना नेहमी एक फोटो हवा असतो. डर्बनचे गोल्फपटू पापवा सेवगोलम १९६३ मध्ये नाताल ओपन जिंकले आणि गोरे क्लबहाउसात असताना त्यांना बाहेर पावसात चषक दिला गेला. तो फोटो जगानं पाहिला. पण त्या एका फोटोसाठी बाकीची शंभर पानं कपाटाच्या तळाशी गेलेली मी पाहिली आहेत.

या आठवड्यात एवढंच करा: पेट्या गॅरेजमधून आत आणा, थरांचे फोटो घ्या, आणि संध्याकाळच्या चहाला सासऱ्यांना एक प्रश्न विचारा. मॅट कुणाच्या घरी असायची? गवताची खेळपट्टी नसलेल्या या क्लबांची मॅट हीच सगळ्यांत महाग वस्तू. ती जड असायची, ओली झाली की आणखी जड. कुणाच्या तरी अंगणात गुंडाळून पडायची आणि शनिवारी सकाळी कुणाच्या तरी टेम्पोतून किंवा खांद्यावरून मैदानावर जायची. मला आजवर या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर कुणी दिलेलं नाही.